युसूफचं घर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेवगावात बसून मुंबईच्या लोकलवर बोलायचं, हा तसा आगाऊपणाच. आमच्या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. नगरला जायचं तर एसटी, पैठणला जायचं तरी एसटी. पण मुंबई आमच्याकडे घरोघरी आहे. कुणाचा भाऊ तिकडे टॅक्सी चालवतो, कुणाचा मुलगा कंपनीत आहे, कुणाची लेक कल्याणला दिलेली. म्हणून ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी टीव्हीवर लोकलचे फाटलेले डबे दिसायला लागले, तेव्हा आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस मुंबईचा एखादा तरी नंबर फिरवत होता. आणि फोन काही लागत नव्हता.

सहा चोवीस ते सहा पस्तीस. अकरा मिनिटांत सात स्फोट. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, मीरा रोड, बोरिवली. सगळे पश्चिम रेल्वेवर, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत, आणि सगळे घरी परतायच्या वेळेला. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेच्या आसपास जखमी झाली. दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा धावायला लागल्या, आणि मुंबईच्या जिगरीचं कौतुक पेपरांतून सुरू झालं. त्या कौतुकात किती खरं होतं आणि किती पोटापाण्याची लाचारी होती, असा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. एका मराठी दिग्दर्शकानं तो दोन वर्षांनी पडद्यावर विचारला. आज मला त्याच चित्रपटाविषयी बोलायचं आहे. निशिकांत कामत यांचा ‘मुंबई मेरी जान’. ऑगस्ट २००८ मध्ये तो प्रदर्शित झाला. मी नगरला जाऊन पाहिला. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर.

कामत मूळचे मुंबईचे. २००५ मध्ये त्यांनी ‘डोंबिवली फास्ट’ काढला. रोज तीच लोकल धरणारा माधव आपटे नावाचा बँकेतला सरळमार्गी माणूस एके दिवशी बिथरतो, त्याची ती गोष्ट. तो चित्रपट एकाच माणसाचा होता. ‘मुंबई मेरी जान’मध्ये नायक असा कुणीच नाही. पाच माणसं, पाच वाटा. त्यांना बांधणारा धागा एकच, ती अकरा मिनिटं. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला निखिल स्फोटातून थोडक्यात वाचतो आणि मग त्याला लोकलची भीती बसते. रूपाली ही टीव्हीची वार्ताहर. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या तोंडापुढे माईक धरून ‘तुम्हाला काय वाटतंय’ असं विचारणं हे तिचं काम. तिचाच होणारा नवरा स्फोटात जातो, आणि तिचंच चॅनेल तिच्या अश्रूंचा कार्यक्रम करतं. थॉमस सायकलवर चहा-कॉफी विकणारा गरीब तमिळ माणूस. बायकोमुलीला घेऊन मॉल बघायला जातो आणि अपमान होऊन बाहेर काढला जातो. स्फोटांनंतर शहर कसं घाबरलंय हे तो बघतो आणि बूथवरून फोन करत सुटतो, अमक्या मॉलमध्ये बॉम्ब ठेवलाय म्हणून. इरफान खान यांनी हा थॉमस जवळजवळ न बोलता उभा केला आहे. तुकाराम पाटील हा निवृत्तीला टेकलेला पोलीस, परेश रावल यांनी केलेला. आणि पाचवा सुरेश, के के मेनन. धंदा नीट चालत नाही, दिवसाचा बराच वेळ हॉटेलात मित्रांबरोबर टेबल अडवून बसायचं आणि मुसलमानांना नावं ठेवायची. स्फोटांनंतर त्याला युसूफ नावाचा एक तरुण संशयित वाटायला लागतो. हातातली कामं सोडून तो त्याच्या मागावर जातो.

अशी अनेक माणसांची, एकाच शहराची गोष्ट सांगायची पद्धत त्या काळात जगभर गाजत होती. ‘क्रॅश’ नावाच्या अमेरिकन चित्रपटाला मार्च २००६ मध्ये सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. मुंबईच्या स्फोटांच्या जेमतेम चार महिने आधी. लॉस एंजलिस शहर, गोरे, काळे, इराणी, मेक्सिकन, सगळे एकमेकांना धडकतात आणि धडकल्यावर तोंडातून वर्णद्वेष बाहेर पडतो. त्यात एक गोरा पोलीस आहे. एका काळ्या बाईची झडती घेण्याच्या निमित्तानं तो तिची विटंबना करतो, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच पेटत्या गाडीतून ओढून वाचवतो. मला हा योगायोग फार सोयीचा वाटला. आयुष्य असं चोवीस तासांत हिशेब चुकते करत नाही. आमचे तुकाराम पाटील त्या मानानं खरे आहेत. ते कुणाला आगीतून काढत नाहीत. सुरेशला अडवतात, त्याच्याशी बोलतात. आयुष्यभर वरचे सांगतील ते ऐकलेला, चिरीमिरीकडे डोळेझाक केलेला, विनोद करत दिवस ढकललेला माणूस आहे तो. त्याच्या तोंडी मोठं व्याख्यान शोभलं नसतं. घरातल्या वडीलधाऱ्यानं बिघडलेल्या पोराला समजवावं, तसा तो बोलतो.

या दोन शहरांचा आणखी एक मेळ आहे. लॉस एंजलिस पेटलं ते १९९२ च्या एप्रिलअखेर. रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले म्हणून. पन्नासहून अधिक माणसं त्यात मेली. मुंबई पेटली त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत. म्हणजे दोन्ही चित्रपटांच्या पोटात १९९२ साल आहे. राख निवल्यावर माणसं एकमेकांकडे कशी बघतात, ते दोन्ही चित्रपट दाखवतात.

संशयाची ही गोष्ट मुंबईला नवी नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये तिथं हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता, हे टिळकांच्या काळाचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. १९२९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. पठाण लहान मुलं पळवून नेतात, अशी आवई त्या वेळी शहरात उठली. गिरणगावात आधीच संपानं वातावरण तापलेलं. पठाण दिसला की लोक धावून जायला लागले, त्याचं पुढे हिंदू-मुसलमान दंग्यात रूपांतर झालं आणि शंभराहून अधिक माणसं प्राणाला मुकली. आवई उठवणारा पहिला माणूस कोण, हे इतिहासाला सहसा सापडत नाही. कामतांच्या थॉमसकडे बघताना मला तो माणूस आठवतो. त्याच्या मनात कुणाविषयी धर्माचा द्वेष नाही. त्याला फक्त एकदा शहरानं आपल्या आवाजावर पळावं असं वाटतं. पण फोनमुळे मॉल रिकामा करताना एका म्हाताऱ्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हा थॉमसला कळतं आपण काय केलं ते.

मराठी माणसानं या विषयावर चित्रपट काढण्याची परंपराही जुनी आहे, आणि ती माझ्या तालुक्याला विलक्षण जवळची आहे. ‘प्रभात’चा ‘शेजारी’, साल १९४१. लाहोरच्या ठरावाला वर्ष होत होतं, देशाचे तुकडे होणार की काय ही भीती घरात शिरली होती. व्ही. शांताराम यांनी तेव्हा विश्राम बेडेकरांच्या कथेवर दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांचा चित्रपट काढला, जिवा पाटील आणि मिर्झा. गावाजवळ धरण बांधायला कंत्राटदार येतो. पाटलाचा धरणाला विरोध, म्हणून तो या दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि त्या पाण्यात दोघे मित्र एकमेकांचा हात धरून जातात. मराठीत केशवराव दाते पाटील झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत, म्हणजे ‘पडोसी’त, शांतारामांनी आणखी एक गंमत केली. मिर्झा जागीरदारांनीच केला आणि त्याचा हिंदू शेजारी केला मजहर खान यांनी. हिंदू नट मुसलमान, मुसलमान नट हिंदू. पडद्यावरच्या शेजाऱ्यांनी एकमेकांचे कपडे घातले, असंच म्हणायला हवं.

मी हा चित्रपट प्रथम दूरदर्शनवर पाहिला. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं तोवर जायकवाडीच्या पाण्याखाली गेली होती. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये धरण पुरं झालं. माझ्या वर्गात विस्थापित गावांतली मुलं होती. धरण म्हटलं की काय काय उखडतं, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पाण्याखाली देऊळ गेलं, मशीद गेली, दोन्हींच्या मधली गल्ली गेली. नवीन गावठाणात प्लॉट पाडताना जुने शेजार मोडले. कुणी कुणाशी भांडलं नव्हतं, तरी मोडले. त्यामुळे ‘शेजारी’ पाहताना माझ्याबरोबर बसलेली मोठी माणसं शेवटी रडली, ती हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी की बुडालेल्या गावासाठी, हे मला अजून नक्की सांगता यायचं नाही.

‘शेजारी’त खलनायक बाहेरून येतो. कंत्राटदार गेला असता तर पाटील आणि मिर्झा पुन्हा एकत्र बसले असते, अशी प्रेक्षकाला खात्री वाटते. १९४१ मध्ये असं वाटणं शक्य होतं. ‘मुंबई मेरी जान’मध्ये असा कंत्राटदार नाही. बॉम्ब ठेवणारे पडद्यावर येत नाहीत. सुरेशला कुणी चिथावलेलं नाही, त्याला कुणी पैसे दिलेले नाहीत. हॉटेलातल्या टेबलावर चहाच्या तिसऱ्या कपाबरोबर तो आपला आपणच तयार झाला आहे. सदुसष्ट वर्षांत एवढा फरक पडला.

या सदुसष्ट वर्षांतला सगळ्यात मोठा टप्पा अर्थातच बाबरी मशीद पाडली गेली त्यानंतरचा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर. मार्च १९९३ मध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. आकडे असे एकामागून एक वाचताना आपण पटकन पुढे जातो, पण त्या ४५ जणांशी मी नेहमी अडखळतो. दंगलीत मारताना नाव विचारून मारतात आणि मेल्यावर नावच सापडत नाही. दंगलीनंतर मुंबईचा नकाशा बदलला. मिश्र वस्त्यांतली कुटुंबं आपापल्या माणसांत राहायला गेली, मुंब्र्याची वस्ती झपाट्यानं वाढली, आणि घर भाड्यानं मागताना आडनावाला किंमत आली. सुरेश आणि युसूफ ही त्याच मुंबईची मुलं. ते एकाच शहरात राहतात, पण शेजारी नाहीत.

आता माझी या चित्रपटाविषयीची एक तक्रार. तक्रार कसली, रुखरुख म्हणा. पाच प्रमुख पात्रं आहेत आणि त्यांत एकही मुसलमान नाही. युसूफ आपल्याला दिसतो तो बहुतेक सुरेशच्या नजरेतून. लांबून, पाठीमागून, संशयाच्या अंतरावरून. स्फोटांच्या रात्री युसूफच्या घरात काय चाललं होतं? त्याच्या आईनं त्याला सांगितलं असेल, उद्या कामावर जाऊ नकोस. बापानं सांगितलं असेल, जा, नाही गेलास तर लोक विचारतील का नाही आला. टीव्हीचा आवाज त्यांनी बारीक केला असेल. हे मी कल्पनेनं सांगतो आहे, पण असल्या रात्री मुसलमान घरांत काय काय बोललं जातं ते मी जाणतो. बातमी आली की आपण आधी मेलेल्यांचा आकडा ऐकतो आणि पाठोपाठ, मनातल्या मनात, पकडलेल्यांची नावं ऐकायची धास्ती घेतो. मेलेल्यांतही आपले असतात. त्या लोकलमध्ये मुसलमानही होते आणि तेही मेले.

युसूफचं घर बघायचं तर दुसऱ्या चित्रपटाकडे जावं लागतं. सईद मिर्झा यांचा ‘नसीम’, १९९५ चा. मुंबईतलं मध्यमवर्गीय मुसलमान कुटुंब, जून ते डिसेंबर १९९२ हा काळ. नसीम शाळेत जाणारी मुलगी, आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा तिला जुन्या आग्र्याच्या आठवणी सांगतात. ते आजोबा केले कैफी आझमींनी. एका शायरानं आयुष्याच्या शेवटाकडे येऊन स्वतःसारखाच एक म्हातारा पडद्यावर उभा केला. आजोबा जातात ६ डिसेंबरला. मिर्झा यांना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ‘नसीम’ पाहिलेली माणसं मला आमच्या तालुक्यात दोनसुद्धा भेटलेली नाहीत. सुरेशनं ‘नसीम’ पाहिला असता तर, असा प्रश्न माझ्या मनात येतो. मग लक्षात येतं की सुरेशपर्यंत ‘नसीम’ पोहोचलाच नसता. त्याच्यापर्यंत पोहोचायला त्याच्याच हॉटेलातलं टेबल, त्याचेच मित्र आणि त्याच्यासारखा दिसणारा तुकाराम पाटील लागतो. कामतांनी त्यांचा चित्रपट संशय घेणाऱ्यांसाठी काढला. संशय हा ज्याच्यावर घेतला जातो त्याचा आजार नाही, घेणाऱ्याचा आहे, आणि डॉक्टरनं आजाऱ्याच्या घरी जावं, यात गैर काही नाही. रुखरुख मात्र राहतेच.

आणि संशय काही नेहमी शिवी होऊन येत नाही, तो कौतुकाचे कपडे घालूनही येतो. कविसंमेलनात माझी कविता झाली की कुणीतरी सज्जन माणूस जवळ येऊन म्हणतो, ‘वा, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ माणूस प्रेमानं बोलत असतो. मी हसून आभार मानतो. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला. त्यांना हे कुणी म्हटलं असेल का? मला वाटतं, नसावं. त्या सज्जन माणसाला आणि सुरेशला मी एका पारड्यात घालणार नाही. पण दोघांच्याही डोळ्यांना माझं नाव आधी दिसतं, आणि मी मागून दिसतो.

हे सगळं मोठ्या शहराचं दुखणं, आपल्याकडे काय त्याचं, असं मी कैक वर्षं ऐकत आलो. १४ मे २०२३ रोजी छत्रपती संभाजी महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी आमच्या शेवगावात दगडफेक झाली. आदल्याच दिवशी अकोल्यात दंगल झाली होती. दुकानांचं, गाड्यांचं नुकसान झालं, पोलिसांनाही लागलं, बाहेरून कुमक मागवावी लागली. कुणी आधी मारला, कुणी मग मारला, त्यात मी पडत नाही, ते काम पोलिसांचं आणि कोर्टाचं. मला आठवतात ते पुढचे आठ-दहा दिवस. बाजारपेठ उघडली, भाजी आली, एसटी स्टँड भरला. पण चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं एक क्षण थांबायचं. कुणी वाईट बोललं नाही. बाकावर सरकून जागाही दिली. नुसता एक क्षण थांबायचं, आणि मग कुणीतरी पावसाचा विषय काढायचं. पंधरा वर्षांपूर्वी पडद्यावर पाहिलेलं सुरेशचं टेबल मला त्या क्षणात दिसायचं. तिथं आमच्या गावातला तुकाराम पाटील ठरला तो टपरीवालाच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, ‘कवी, आज एवढा उशीर? पेपर वाचून शिळा झाला की.’

लोकलच्या स्फोटांची गोष्ट अजून संपलेली नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. एक जण तेव्हाच निर्दोष सुटला, नऊ वर्षं तुरुंगात काढून. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तोवर कैदेतच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देऊ नये म्हणून स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही. त्या दिवशी मी दोन घरांचा विचार करत होतो. एका घरातलं माणूस २००६ मध्ये लोकलमधून परत आलं नाही, आणि एकोणीस वर्षांनी ते कुणी केलं याचं उत्तर पुन्हा हातातून गेलं. दुसऱ्या घरातलं माणूस २००६ मध्ये उचलून नेलं आणि आता परत आलं, तेव्हा मुलं लग्नाला आली होती. कामत असते तर या दोन घरांवर त्यांनी चित्रपट काढला असता का, कोण जाणे. ते १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादला गेले. वय अवघं पन्नास.

‘मुंबई मेरी जान’चा शेवट त्यांनी कल्पनेनं रचलेला नाही. १८ जुलै २००६ ला, स्फोटांना आठवडा झाला तेव्हा, सहा पंचवीसला मुंबई खरोखरच दोन मिनिटं स्तब्ध झाली होती. लोकल थांबल्या, माणसं होती तिथं उभी राहिली. चित्रपटातही ती उभी राहतात. आणि मग ‘सीआयडी’तलं मुंबईचं ते जुनं गाणं सुरू होतं, ज्याच्या धृपदातून चित्रपटाचं नाव घेतलं आहे. पाच पात्रांत नसलेला मुसलमान इथं येतो, आणि एकटा येत नाही. १९५६ चं ते गाणं. लिहिलं मजरूह सुलतानपुरींनी, उत्तर प्रदेशातून आलेल्या शायरानं. चाल लाहोरच्या ओ. पी. नय्यर यांची. गळा अमृतसरकडच्या खेड्यातून आलेल्या मोहम्मद रफींचा, आणि साथीला बंगालच्या गीता दत्त. पडद्यावर ते गातात जॉनी वॉकर, म्हणजे इंदूरचे बद्रुद्दीन काझी. चित्रपटात यायच्या आधी ते याच मुंबईत बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडायचे.